बीएस्सी केमिस्ट्रीनंतर काय? ओ-नेट हा व्यवसायकोश कसा वाचावा

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बारावी सायन्सच्या किंवा बीएस्सीच्या मुलांना पुढचं विचारलं की पदांची नावं लगेच येतात. फार्मात केमिस्ट, फॉरेन्सिक, प्राध्यापक, एमपीएससी. पण त्या पदावरचा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, असं विचारलं की शांतता. मुलांचा यात काही दोष नाही, त्यांना ते कधी कुणी सांगितलेलंच नसतं. मी नाशिकला केमिस्ट्री शिकवते. मुलं-पालक वर्गाबाहेर भेटतात तेव्हा गेली काही वर्षं मी ओ-नेट या व्यवसायकोशाचा आधार घेते. तो कसा वाचावा याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

ओ-नेट अमेरिकेच्या कामगार खात्याचा आहे. त्याची मुळं तिथल्या महामंदीत आहेत. १९३३ च्या कायद्याने सरकारी रोजगार सेवा उभी राहिली आणि दारात आलेल्या माणसाला कोणत्या कामावर पाठवायचं हे ठरवायला सगळ्या कामांची एक सामायिक सूची लागू लागली. त्यातून १९३९ मध्ये 'डिक्शनरी ऑफ ऑक्युपेशनल टायटल्स' हा जाडजूड कोश निघाला. १९९१ ची शेवटची सुधारित आवृत्ती आली तोवर त्यात १२,००० हून जास्त कामं जमली होती. १९९८ पासून त्याची जागा ओ-नेटने घेतली. २०१९ च्या वर्गीकरणात १,०१६ व्यवसाय आहेत आणि त्यातल्या ९२३ व्यवसायांची सविस्तर माहिती गोळा केली जाते. सगळं मोफत, लॉगिनसुद्धा लागत नाही.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती माहिती जमवण्याची पद्धत. नमुना म्हणून कंपन्या निवडायच्या, त्या कंपन्यांत ते काम करणारी माणसं निवडायची आणि प्रश्नावली त्यांच्याकडूनच भरून घ्यायची. काही व्यवसायांत जाणकारांना विचारतात, आणि कौशल्यांचे-क्षमतांचे गुण प्रशिक्षित विश्लेषक देतात. पण 'हे काम तुम्ही किती वेळा करता' याचं उत्तर बहुतांशी खुर्चीवरच्या किंवा मशीनवरच्या माणसाचं असतं. करिअर मार्गदर्शनाच्या चकचकीत पुस्तिकांत हे सापडत नाही.

आता पान उघडल्यावर काय वाचायचं? बहुतेक जण थेट पगाराकडे जातात. तो डॉलरमधला आणि तिथला आहे, आपल्या उपयोगाचा नाही. 'ब्राइट आउटलुक' ही खूणही तिथल्याच मागणीची. मी मुलांना दोनच विभाग नीट वाचायला लावते: कामांची यादी आणि कामाची परिस्थिती.

फॉरेन्सिकचंच घ्या. मालिका पाहून या क्षेत्राकडे ओढली जाणारी मुलं खूप. ओ-नेटवर 'फॉरेन्सिक सायन्स टेक्निशियन' उघडलं की यादीत दिसतं: घटनास्थळी पुरावा गोळा करणं, तो खराब होणार नाही असा साठवणं, नोंदी ठेवणं, निष्कर्षांचे अहवाल लिहिणं, आणि न्यायालयात उभं राहून आपल्या तपासणीची पद्धत व निष्कर्ष सांगणं. न्यायालयातल्या साक्षीचं वाक्य वाचून एक मुलगी म्हणाली, "उलटतपासणीपण होणार का माझी?" होणार. आपल्याकडे कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून निघालेला अहवालही शेवटी न्यायालयातच जातो. तिला ते आवडलं, तिच्या मैत्रिणीला नाही. दोघींचे गुण सारखे, विषय सारखे, आणि इतका मोठा फरक एका वाक्याने पुढे आला.

कामाच्या परिस्थितीच्या विभागातले प्रश्न तर फारच नेमके आहेत. दिवसातला किती वेळ उभं राहावं लागतं? दूषित हवा, वायू, वास यांच्याशी संबंध किती वेळा येतो? तेच तेच काम पुन्हा करणं किती महत्त्वाचं? चूक झाली तर परिणाम किती गंभीर? रागावलेल्या माणसांशी किती वेळा गाठ पडते? 'किती वेळा' च्या प्रश्नांची उत्तरं 'कधीच नाही' पासून 'रोज' पर्यंतच्या पायऱ्यांत असतात. केमिकल टेक्निशियन, क्वालिटी कंट्रोल अ‍ॅनालिस्ट, फूड सायन्स टेक्निशियन, रेग्युलेटरी अफेअर्स स्पेशालिस्ट, पाणी शुद्धीकरण केंद्राचा ऑपरेटर ही पाचही पानं केमिस्ट्रीच्या मुलाने एका बैठकीत शेजारीशेजारी वाचावीत. विषय एकच, पण कुठे दिवसभर हातमोजे आहेत, कुठे दिवसभर कागद आहेत, कुठे माणसं आहेत.

वाचताना मी त्यांना वहीत तीन रकाने करायला सांगते: करेन, नाही करणार, कळलं नाही. यादीतलं प्रत्येक वाक्य यातल्या एका रकान्यात गेलंच पाहिजे. पहिले दोन रकाने मुलं पटापट भरतात. माझ्या मते खरं काम तिसऱ्याचं आहे. तो रकाना घेऊन ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या कुणाला तरी भेटायचं आणि एकेक वाक्य विचारायचं. "काका, तुमच्या क्षेत्रात स्कोप आहे का" असं विचारलं की "आहे की" एवढंच उत्तर मिळतं. "यादीत लिहिलंय की तुम्ही उपकरणं कॅलिब्रेट करता, म्हणजे सकाळी आल्यावर काय करता?" असं विचारलं की माणूस खुर्ची ओढून बसतो.

वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या लोकांनी इथे आपापला अनुभव लिहावा, ही विनंती.

---

कोरडवाहू

ताई, तळमळ पोचली. पण आमच्या जिल्ह्यात बीएस्सी होऊन घरी बसलेली पोरं मी रोज बघतो. अमेरिकेतल्या कामाचं वर्णन वाचून त्यांना नोकरी कशी लागणार? आधी जागा किती ते सांगा.

---

गोदातीर

@कोरडवाहू, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. जागा किती, हे ओ-नेट आपल्यासाठी सांगू शकत नाही. त्यासाठी केंद्राचं एनसीएस हे नोकरीचं पोर्टल आहे, राज्याचं महास्वयम् आहे, अप्रेंटिसशिपचं वेगळं पोर्टल आहे, आणि एमआयडीसीच्या गेटवरचे फलक आहेत.

पण घरी बसलेल्या मुलाने अर्ज कुठल्या पदांना केले होते, तेही एकदा विचारून पाहा. मला बहुधा दोन-तीनच नावं ऐकायला मिळतात. प्रत्येक पानावर त्या व्यवसायाला प्रत्यक्षात कंपन्या काय काय नावं देतात याची यादी असते, शिवाय मिळत्याजुळत्या व्यवसायांची यादी असते. पाणी शुद्धीकरण, सांडपाणी प्रक्रिया, पर्यावरण तपासणी, अन्न तपासणी या कामांत केमिस्ट्री लागते, हे बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत ठाऊक नसलेली मुलं आहेत. जागा वाढवणं आपल्या हातात नाही. कुठली दारं आहेत, हे मात्र त्यांना दाखवता येईल.

---

पोटशीर्षक

वाचनखूण साठवली. मी ग्रंथपाल आहे, म्हणून वर्गीकरणाच्या बाजूने थोडी भर घालतो.

आपल्याकडेही असा कोश आहे. नॅशनल क्लासिफिकेशन ऑफ ऑक्युपेशन्स, म्हणजे एनसीओ. पहिला १९५८ चा, मग १९६८, २००४ आणि सध्याचा २०१५ चा. पीडीएफ मोफत मिळतात. त्यात प्रत्येक व्यवसायाला आठ आकडी क्रमांक आहे आणि त्यातले पहिले चार आकडे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणाला धरून आहेत. याचा फायदा मोठा आहे. अमेरिकेच्या वर्गीकरणातून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जायचे तक्ते मिळतात, आणि तिथून एनसीओत उतरता येतं. उदाहरणार्थ केमिस्ट २११३ मध्ये, रसायन-भौतिक प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ ३१११ मध्ये, जलशुद्धीकरणाचे ऑपरेटर ३१३२ मध्ये, रासायनिक प्रक्रिया संयंत्र चालवणारे ३१३३ मध्ये. पहिला आकडा २ असेल तर व्यावसायिक, ३ असेल तर तंत्रज्ञ आणि सहयोगी व्यावसायिक.

एनसीओत प्रत्येक कामाचं वर्णन एका परिच्छेदाचं असतं. उभं राहणं किती, चुकीचा परिणाम किती, असलं काही नाही. त्यामुळे ताई म्हणतात ते वाचन ओ-नेटवरच करावं लागेल. मात्र आपल्या मातीतली कामं, विडी वळण्यापासून हातमागापर्यंत, एनसीओतच भेटतात. एनसीएस पोर्टल २० जुलै २०१५ ला सुरू झालं. तिथल्या नोकऱ्यांचं वर्गीकरण समजून घ्यायला हे आकडे उपयोगी पडतात.

आणखी एक. नोकरीऐवजी आधी प्रशिक्षणाचा विचार असेल तर नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टर पाहा. कौशल्य अभ्यासक्रमाची पातळी १ ते ८ मध्ये दिलेली असते. एखाद्या संस्थेने "सरकारमान्य कोर्स" म्हणून फी मागितली तर तो कोर्स रजिस्टरमध्ये आहे का, हे आधी बघावं आणि मगच पैसे भरावेत.

---

एडिसनकर

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मी मूळची सांगलीची. बीएस्सी आणि डीएमएलटी (मेडिकल लॅबची पदविका) करून तिथे पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. लग्नानंतर न्यूजर्सीला आले, एच-४ वर, म्हणजे तिथे कामाला आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळू लागला, तसा पुढे मलाही मिळाला. परवाना हातात आला पण आपल्या कामाला इथे म्हणतात काय, तेच कळेना. 'लॅब टेक्निशियन' शोधलं की भलत्याच जाहिराती येत.

ओ-नेटवर दोन वेगळी पानं सापडली: मेडिकल लॅबोरेटरीतले टेक्नॉलॉजिस्ट आणि टेक्निशियन. कामाची यादी वाचली तर माझं सांगलीतलं काम दोन्हींत विभागलेलं होतं. आपल्याकडे छोट्या लॅबमध्ये रक्त घेण्यापासून रिपोर्ट टाइप करण्यापर्यंत एकच माणूस सगळं करतो. इथे तीन-चार पदं असतात. जॉब झोन, म्हणजे त्या कामाला शिक्षण-अनुभव किती लागतो याची पातळी, पाहिल्यावर शिक्षणाची रेघ कुठे आहे ते कळलं. प्रत्यक्ष वापरात असलेल्या पदनामांच्या यादीतून 'मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट', 'क्लिनिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट' हे शब्द मिळाले आणि जाहिरातींचा शोध एकदम वेगळा झाला.

त्याच्याही पुढे, शेजारच्या व्यवसायांत हिस्टॉलॉजी टेक्निशियन दिसलं. ऊतीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवणं, मायक्रोटोमने पातळ काप काढणं, स्टेनिंग करणं म्हणजे ते रंगवणं. हे तर मी सांगलीला हौसेने करत होते! तिथे ते माझ्या कामाचा एक कोपरा होतं. ही स्वतंत्र वाट असू शकते, हे मला त्या पानाने दाखवलं. आज मी त्याच विभागात आहे.

ज्यांना इकडे यायचं आहे त्यांच्यासाठी महत्त्वाचं: लायसन्सचा नियम राज्यागणिक बदलतो. लॅबमध्ये काम करायला न्यूयॉर्कमध्ये राज्याचं लायसन्स लागतं, नदीपलीकडे न्यूजर्सीत तसं नाही. पण हॉस्पिटलं एएससीपी या पॅथॉलॉजीतल्या अमेरिकन संस्थेचं प्रमाणपत्र मागतात आणि त्यासाठी भारतातल्या पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. कामगार खात्याच्याच करिअरवनस्टॉप या संस्थळावर राज्यनिहाय लायसन्स शोधता येतं. ओ-नेट वाचून झालं की तिथे जा. आणि जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जायला लाजू नका, तिथले लोक हीच पानं समोर ठेवून बोलतात.

---

उंबरठा

एडिसनकर, खूप छान लिहिलंत. माझी वहिनी ह्याच परिस्थितीत आहे, तिला धागा पाठवला.

---

पॅसिफिककर

थोडं पूरक. इथल्या ग्रीनकार्डच्या प्रक्रियेतही ओ-नेटचा जॉब झोन वापरला जातो. कंपनीने त्या पदासाठी मागितलेलं शिक्षण आणि अनुभव त्या व्यवसायाच्या नेहमीच्या पातळीपेक्षा जास्त असेल तर द्यायच्या वेतनाची पातळी वर जाते, आणि जादा अट का हवी याचं समर्थनही द्यावं लागू शकतं. त्यामुळे आपल्या फायलीवर कुठला व्यवसाय-क्रमांक आहे आणि त्या पानावरची कामं आपल्या खऱ्या कामाशी जुळतात का, हे प्रत्येकाने स्वतः वाचून पाहावं. वकिलावर सोडून देऊ नये.

---

लोटेवाला

मी लोटे परशुराम एमआयडीसीत प्लांट ऑपरेटर आहे. शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री. गोदातीर मॅडमनी माझ्या कामाचं पान दिलेलं नाही म्हणून मीच शोधून वाचलं, 'केमिकल प्लांट अँड सिस्टिम ऑपरेटर्स'.

यादी बरीचशी बरोबर आहे. पॅनेलवर लक्ष ठेवणं, फ्लो-प्रेशर-तापमान बघत राहणं, सॅम्पल काढून तपासणं, काही बिघडलं तर यंत्रणा बंद करणं. चुकीचा परिणाम गंभीर, हेही खरं. रिअ‍ॅक्टरचं तापमान हाताबाहेर गेलं तर विचार करायला वेळ मिळत नाही, आधी शिकलेलंच हात करतात.

जे यादीत नीट आलेलं नाही ते सांगतो. पहिलं म्हणजे चार्ज देणं-घेणं. पाळी संपताना पुढच्याला कुठला व्हॉल्व्ह अर्धा उघडा आहे, कुठला पंप आवाज करतोय, हे तोंडी आणि लॉगबुकात दोन्हीकडे सांगावं लागतं. माझ्या मते अर्धी सुरक्षितता तिथेच आहे. दुसरं वर्क परमिट. वेल्डिंग करायचं किंवा टाकीत उतरायचं तर परमिटवर सह्या झाल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही, मग वरचा साहेब कितीही घाई करो. तिसरं पाळ्या. आठवडा बदलला की झोप बदलते. घरात लहान मूल असेल तर बायकोवर किती भार येतो, ते नोकरी धरण्याआधी दोघांनी बसून बोलावं.

एक मोठा फरक. अमेरिकेत या कामाला साधारणपणे हायस्कूल आणि मग कामावरचं प्रशिक्षण पुरतं. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या बीएस्सी केमिस्ट्रीच मागतात. नाहीतर आयटीआयची अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट ही ट्रेड आहे, दहावीनंतर दोन वर्षांची. त्यामुळे जॉब झोनवरून इथलं शिक्षण ठरवू नका. आणि सरकारी तेल कंपन्यांच्या ट्रेड अप्रेंटिसच्या जाहिराती वाचत जा. अटेंडंट ऑपरेटरच्या जागेला त्या फिजिक्स-मॅथ्स-केमिस्ट्रीवाले बीएस्सी घेतात. आमच्याकडच्या कितीतरी पोरांना ते माहीतच नसतं, आयटीआयचं नाव बघून जाहिरात सोडून देतात.

---

सिद्धेश्वर_पेठ

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी होत असे, ती अनेकांना आठवत असेल. मग महाकरिअर पोर्टल आलं. ओ-नेटकडेही आवडी तपासणारी साठ प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या सहा प्रकारांवर उभी आहे: हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलेकडे ओढा असणारे, माणसांत रमणारे, पुढाकार घेऊन काम काढणारे आणि शिस्तीत नोंदी-हिशेब सांभाळणारे. हॉलंड दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीत मुलाखती घेत असत, तिथे त्यांना माणसांचे असे नमुने दिसू लागले.

चाचणी चांगली आहे, पण आपल्या मुलांना ती देताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. प्रश्न असा असतो की विटा किंवा फरशा बसवायला तुम्हाला आवडेल का, स्वयंपाकघरातली कपाटं बनवायला आवडेल का. पगार, शिक्षण, प्रतिष्ठा विसरून फक्त काम आवडेल का ते सांगा, अशी सूचना असते. आमची मुलं ते विसरू शकत नाहीत. विटेचं काम कोण करतं, कुठल्या वस्तीतले लोक करतात, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. मग घरी सायकल खोलून जोडणारा, वायरिंगमध्ये डोकं घालून बसणारा मुलगासुद्धा 'अजिबात आवडणार नाही' वर खूण करतो. हाताच्या कामाचा गुण खाली जातो आणि निकाल त्याला ऑफिसातली कामं सुचवतो. हा दोष चाचणीचा नाही, आपल्या जातिव्यवस्थेने श्रमाला दिलेल्या किमतीचा आहे, आणि समुपदेशकाने तो उघड बोलायला हवा.

म्हणून मी आता चाचणी नंतर देते. आधी विचारते, गेल्या महिन्याभरात वेळेचं भान हरपून काय केलंस? मग चाचणी. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर त्या न जुळण्यावरच बोलतो. गोदातीरताईंची तीन रकान्यांची वही मला फार आवडली, कारण तिथे पदाचं नाव झाकून नुसती कामाची वाक्यं देता येतील. पुढच्या वेळी करून पाहणार आहे.

---

गोदातीर

@सिद्धेश्वर_पेठ, नाव झाकायची कल्पना फार चांगली आहे. हे मला सुचलं नव्हतं. या आठवड्यातच करते.

@लोटेवाला, तुमचा प्रतिसाद मी मुलांना छापून वाचायला देऊ का?

---

लोटेवाला

द्या की मॅडम. चार्ज देण्याचं तेवढं ठळक करा.

---

नोंदवही

मी प्रोग्रामर आहे. ओ-नेटची सगळी माहिती तक्त्यांच्या स्वरूपात उतरवून घेता येते आणि तिचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे. मूळ श्रेय दिलं की भाषांतर करून वापरायला हरकत नाही. इंग्रजीमुळे ग्रामीण भागातली मुलं हे पान उघडून बंद करतात. केमिस्ट्रीशी संबंधित दहा-बारा व्यवसायांच्या कामांच्या याद्या मराठीत करूया का? मी तक्ते काढून देतो. भाषांतर त्या त्या कामातल्या माणसाने तपासावं, नाहीतर शब्दकोशातलं मराठी होईल आणि प्लांटमध्ये कुणाला कळणार नाही.

---

पोटशीर्षक

मी आहे. प्रत्येक व्यवसायापुढे एनसीओचे चार आकडे टाकायचं काम माझ्याकडे द्या.

---

टायट्रेशन

नमस्कार, मी बीएस्सी सेकंड इयरला आहे, सिन्नरजवळच्या गावातली. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे 'क्वालिटी कंट्रोल अ‍ॅनालिस्ट' चं पान वाचून वही केली.

करेन: कच्चा माल आणि तयार मालाच्या चाचण्या, नोंदी लिहिणं, निकाल ठरलेल्या मर्यादेशी ताडून बघणं, नवीन माणसांना पद्धत शिकवणं.

नाही करणार: असं काही निघालं नाही. फक्त खूप वेळ कॉम्प्युटरवर बसणं जमेल का माहीत नाही.

कळलं नाही: (१) उपकरणं कॅलिब्रेट आणि व्हॅलिडेट करणं. कॉलेजात आम्ही ब्युरेट धुतो, पीएच मीटर बफरला लावतो, तेवढंच का? (२) मर्यादेबाहेरच्या निकालांच्या चौकशीत भाग घेणं. निकाल चुकला तर परत चाचणी करायची, यात चौकशी कसली? (३) लॉगबुक आणि फॉर्म भरणं हे वेगळं काम म्हणून का लिहिलंय?

आमच्या गावात या कामातलं कुणी नाही, म्हणून इथे विचारतेय.

---

सातपूर_क्यूसी

टायट्रेशन, फार चांगले प्रश्न विचारलेस. मी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, आधी एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं उपकरण) बसायचो, आता विभाग बघतो. क्रमाने सांगतो.

पीएच मीटर बफरला लावणं हे कॅलिब्रेशनच, तेवढं तुला येतंय. आमच्याकडे फरक असा की प्रत्येक उपकरणाचं वेळापत्रक असतं. तराजू रोज प्रमाणित वजनं ठेवून तपासायचा आणि आकडा लिहायचा. एचपीएलसीत पंप खरंच मिनिटाला ठरलेला प्रवाह देतोय का, डिटेक्टर योग्य तरंगलांबी वाचतोय का, हे ठरलेल्या मुदतीने बघायचं. व्हॅलिडेशन म्हणजे चाचणीची पद्धत स्वतःच भरवशाची आहे हे सिद्ध करणं. तेच सॅम्पल दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या दिवशी केलं तर तोच निकाल येतो का, मुद्दाम ठरावीक प्रमाणात औषध घातलं तर पद्धत ते प्रमाण पकडते का. यात आठवडे जातात. तुला प्रॅक्टिकलमध्ये तीन वाचनं घेऊन 'स्थिर वाचन' लिहायला लावतात ना, त्याचंच हे मोठं रूप.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. निकाल मर्यादेबाहेर आला की आम्हाला सरळ परत चाचणी करता येत नाही. पास होईपर्यंत चाचण्या करत राहिलं तर फेल झालेला माल बाजारात जाईल. अमेरिकेत १९९३ मध्ये न्यायालयाने याच मुद्द्यावर निकाल दिला आणि त्यानंतर जगभरच्या औषध कंपन्यांची पद्धत बदलली. आता आधी लॅबमध्ये शोध घ्यायचा: वजन बरोबर होतं का, द्रावण कुणी केलं, कॉलम कुठला, आलेखावरचं शिखर, म्हणजे पीक, नीट मोजलं गेलं का. द्रावणं फेकायची नाहीत, जशीच्या तशी जपून ठेवायची. लॅबमधलं कारण सापडलं नाही तर चौकशी प्रॉडक्शनपर्यंत जाते. मला स्वतःला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. तुला शोध घ्यायची आवड असेल तर तुलाही आवडेल.

तिसरं, लॉगबुक. आमच्यात म्हणतात, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. पानांना क्रमांक असतात, व्हाइटनर चालत नाही, चुकलं तर एकच रेघ, सही, तारीख. काम झाल्यावर आठवून लिहायचं नाही, करतानाच लिहायचं. दिवसाचा मोठा भाग यात जातो, म्हणून ते वेगळं काम आहे. ज्याला याचा कंटाळा त्याने क्यूसीत येऊ नये, हे मी मुलाखतीतच सांगतो.

ओ-नेटवर नसलेली एक गोष्टही लिहून ठेव. काही वर्षांच्या अनुभवानंतर आपल्या राज्यात एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन) 'अप्रूव्ह्ड केमिस्ट' म्हणून मान्यता घेता येते. जाहिरातीत 'एफडीए अप्रूव्ह्ड' लिहिलेलं दिसेल, ते हेच. अन्न तपासणीकडे जायचं मनात असेल तर एमएस्सी केमिस्ट्रीचा विचार कर. अन्न सुरक्षा अधिकारी आणि फूड अ‍ॅनालिस्ट या दोन्ही वाटांना रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी चालते.

कॉम्प्युटरचं म्हणशील तर क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख) बघायला, त्यातली पीक तपासायला बसावंच लागतं. पण सॅम्पल तयार करताना उभं राहणंही तितकंच. आमच्या विभागात मुली बऱ्याच आहेत. त्यांच्यापैकी एकीशी बोलायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, तिला विचारून नंबर देतो.

---

टायट्रेशन

धन्यवाद सर. व्यनि केलाय. आता रेग्युलेटरी अफेअर्सचं पान वाचतेय, त्यात 'कळलं नाही' चा रकाना यापेक्षा मोठा झालाय. त्या कामातलं कुणी इथे आहे का?

---

उंबरठा

माझा दीर आहे, ठाण्याला. रविवारी घरी येतो, तेव्हा त्याला बसवून उत्तरं लिहून घेते. रकाना इथे टाकून ठेव.